गाडी बोलून राहिली

२९ सप्टेंबर, रविवार. मुखेड

"बायांनो, मुखेड तालुक्यातल्या माझ्या मायबहिणींनो! पेरलं कुणी? आपण. खुरपलं कुणी? आपण. पाठीचा कणा मोडेस्तोवर सोयाबीन काढलं कुणी? आपण. आणि मोंढ्याला न्यायची वेळ आली की गाडी कुणाची? त्या वाहतूकदाराची! कधी येणार हे तो ठरवणार, किती भाडं हे तो ठरवणार. पोती भिजली तर नशीब मात्र आपलं!"

इथे टाळ्या पडल्या. हे तुकडे जसेच्या तसे उतरवून ठेवते आहे, उमरीच्या सभेत कामाला येतील.

आज आमच्या उजेड महिला बचत गटाची गाडी आली. गाडी म्हणजे ट्रक, सहा चाकांचा, जुन्या ठेवणीचा. त्याचं इंजिन केबिनच्या आतच, ड्रायव्हरच्या शेजारी एका पत्र्याच्या झाकणाखाली असतं. झाकण तापलं की त्यावर भाकरी गरम होते, हा गुण मी भाषणात सांगितला नाही. एवढ्या बायांनी मिळून ट्रक घेतल्याचं आमच्या भागात कुणी ऐकलेलं नाही. ज्यांनी ऐकलं ते हसले. हसू द्या. जगातल्या प्रत्येक क्रांतीला आधी हसणारेच भेटलेत.

ड्रायव्हर उदगीरकडचा संगमेश्वर. शांत माणूस, भस्माची तीन बोटं कपाळावर, बोलायच्या आधी दोनदा घसा खाकरतो. गाडी ताब्यात देताना जुन्या मालकाच्या ड्रायव्हरने त्याला बाजूला नेलं आणि हात धरून बराच वेळ काहीबाही सांगितलं. काय ते मला कळलं नाही, मी तेव्हा टपावरून बोलत होते.

सरजाबाई आमची खजिनदार. वय विचारलं तर म्हणते, "रझाकाराच्या येळंला म्या रांगत व्हते, हिशेब तूच कर." सभा संपल्यावर जवळ येऊन म्हणाली, "इशाखा, भाषण झकास झालं. पण गाडी भाषणावर चालत न्हाई माय, डिझेलवर चालती."

४ ऑक्टोबर, शुक्रवार

पहिला माल लातूरला पोचला. गाडी मांजरासारखी गेली आणि मांजरासारखी आली. आमचे हे (लिंबाजी, एसटीत कंडक्टर) म्हणाले, "मग आता आमच्या महामंडळाचं काय खरं न्हाई." बाईच्या यशाला पुरुषाने दिलेली दाद इतकीच असते. चालेल.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या दसरा. आज ठिकठिकाणी गाड्या धुऊन झेंडूचे हार. संगमेश्वरनेही गाडी धुतली, हार घातला. फुलांना माझी हरकत नाही, फूल हे फूल आहे. पण त्याने लिंबं आणली, चाकाखाली ठेवून चिरडायला. मी त्याला विचारलं, लिंबू चिरडल्याने टायर फुटायचा राहतो असं कुठल्या प्रयोगात दिसलंय? तो घसा खाकरत राहिला. मग मी त्या लिंबांचं सरबत केलं आणि सगळ्यांना दिलं. त्याने दोन ग्लास प्यायले, पण चेहरा मयताला आल्यासारखा.

नंतर मी स्वतः झाकण उघडून इंजिन पुसायला घेतलं. बाईने इंजिनाला हात लावू नये हाही एक दोराच आहे, तो आधी तोडला. आणि दुसरा दोरा खरोखरचा सापडला. डिझेलच्या पंपापासून वर जाणाऱ्या दोन पोलादी नळ्यांना मिळून गुंडाळलेला, बोटभर जाडीचा, मुळात काळा-तांबडा असावा, आता तेलाने नुसता काळा. गाठ दगडासारखी.

संगमेश्वर धावतच आला. "ताई, त्याला हात नगा लावू. माहूरचा दोरा हाय. जुन्या डायव्हरनं हात धरून सांगितलंय, ह्यो काढू नको, काढला की गाडी बोलती."

"बोलती?"

"हाव. बोलती म्हणला."

"मग बोलू दे की," मी म्हणाले. "आपल्याकडे बाई बोलली तर वाईट, गाडी बोलली तर वाईट!" आणि विळीने दोरा कापला. त्यात अडकलेला एक गंजका पत्र्याचा तुकडाही निघाला. दोन्ही उकिरड्यावर टाकलं.

तुळजाबाईने ते पाहिलं. ही आमच्या गटातली देवभोळी, वर्षाला एकदा माहूर चुकवत नाही. तिने मुकाट्याने उकिरड्यावरून दोरा उचलला, तुकड्यासकट, आणि पदरात बांधला. मी तिला म्हटलं, तुळजा, बुद्धाने काय सांगितलंय, कुणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः तपासून बघा. ती म्हणाली, "तुम्ही तपासला का कापायच्या आदी?"

असल्या प्रश्नांना उत्तर देत बसलं तर चळवळ पुढे जात नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार. अशोक विजयादशमी

संध्याकाळी मुखेडात सभा, गाडीच्या हौद्यातूनच. कर्णे गाडीच्या बॅटरीवर, म्हणून इंजिन चालू ठेवलेलं. मी "सम्राटाने तलवार खाली ठेवली" इथे थांबले. हा थांबा मी तीस वर्षं घेते आहे, इथे लोक श्वास रोखतात. आज त्या शांततेत ऐकू आलं: टिक. टिक. टिक. टिक.

मागून कुणीतरी ओरडलं, "ताईचा टाइम भरला!"

सगळा मैदानभर हशा. सम्राट तिथेच राहिला.

घरी हे म्हणतात, "आज पयल्यांदा तुझ्या भाषणाला ताल व्हता."

१४ ऑक्टोबर, सोमवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी उमरी, दुपारी परतीच्या वाटेवर दोन गावं, संध्याकाळी पुन्हा मुखेड. घसा खरखरतो आहे.

गाडीची टिकटिक चालूच. चमत्कारिक प्रकार असा की रस्त्यावर धावताना काही नाही. रेस दिली की नाही. गाडी जागेवर चालू ठेवली, तीही गप उभी, की टिक टिक. जणू तिला कुणी बोलू देत नाही म्हणून ती संधी साधते.

संगमेश्वर घसा खाकरून म्हणाला, "ताई, गाडी बोलून राहिली."

मी त्याला तिथेच थांबवलं. आवाजाचं कारण यंत्रात असतं, देवळात नाही. ऑइल बघितलंस का? बघितलं. पूर्ण होतं का? होतं. मग तू गाडी ओढून चालवली असशील. तो म्हणाला, "मला येवढंच म्हणायचंय की त्या दिवशीपून..." मी म्हटलं, कुठल्या दिवसापासून ते सोड, उपाय बोल. मग मी त्याला कार्यकारणभाव म्हणजे काय ते समजावून सांगितलं. नायगाव येईपर्यंत तो विषय पुरला.

१५ ऑक्टोबर, मंगळवार. नांदेड

मुख्तार मिस्त्रीकडे गाडी दाखवली. साठीचा गृहस्थ, दाढीला मेंदी, गॅरेजमध्ये रेडिओवर जुनी गाणी. मी वेळ न दवडता त्याला सगळी पार्श्वभूमी सांगितली: बचत गट, वाहतूकदारांची मक्तेदारी, मराठवाड्याचा अनुशेष. त्याने लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि म्हणाला, "बाई, जरा चुप बैठो ना. मेरे को आवाज सुनना है."

काम करणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे, पण बाईच्या आवाजाची ही अॅलर्जी सगळ्या धर्मांत, सगळ्या व्यवसायांत सारखीच. तसं मी त्याला सांगितलं. त्याने पेचकस खाली ठेवला.

"टॅपेट है," तो म्हणाला. "सेट कर देता. फिकर नक्को करो."

टॅपेट म्हणजे वरच्या झडपांना ढकलणाऱ्या कळा. त्यांच्यातली फट वाढली की त्या टकटकतात. त्याने फट बसवली. गाडी चालू केली.

टिक. टिक.

"चलते चलते बैठ जाएगा," मुख्तार मिस्त्री म्हणाला आणि रेडिओ मोठा केला.

बसलं नाही. कंधार येईतो मी वाट पाहिली.

१७ ऑक्टोबर, गुरुवार. लातूर

आज उमाशंकर मेकॅनिक. याचं गॅरेज मोठं, भिंतीला फरशी, स्वतः इस्त्रीच्या शर्टात. मुख्तार मिस्त्रीने टॅपेट सांगितलं म्हटल्यावर इतका हसला की दुकानातले बाकीचेही हसले. नांदेडवाल्यांना लातूरवाला हसला नाही असं अजून घडलेलं नाही.

त्याने झाकण उघडलं, आत वाकला, तोल सावरायला एक हात त्या नळ्यांवर टेकला. आवाज थांबला. हात काढला, परत चालू.

"बघितलं का मॅडम? लपतंय. लपणारा आवाज लई डेंजर. म्हंजे खालून येऊन राहिलाय. बेरिंग."

"म्हणजे काय करावं लागेल?"

"इंजिन उतरवायचं. खोलायचं. गाडी ठोकळ्यावर. दिवाळी झाली की या."

दिवाळीपर्यंत सोयाबीनचा हंगाम संपतो. आम्ही गाडी घेतलीच आहे या हंगामासाठी. बायांनी आपापली पोती थांबवून ठेवलीत, आपली गाडी आली की जाऊ म्हणून. हे सगळं मी त्याला सांगितलं, चढत्या आवाजात सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "तुमचं समदं खरं हाय मॅडम. पण बेरिंगला कुठं मराठी येतंय?"

माल भरलेला असेल तर एखादी खेप हळू चालवून करा म्हणाला, पण त्यापुढे त्याची जबाबदारी नाही.

बातमी माझ्याआधी मुखेडला पोचली. सरजाबाई वाटच पाहत होती. ज्याच्या गाड्यांविरुद्ध मी बोलत आले त्या वाहतूकदाराचा माणूस तिला भेटून गेला होता. भंगारापेक्षा जरा बरी किंमत देतो, गाडी विका, आणि पोती आमच्या गाडीत टाका. रविवारी बैठक. ठराव एकच: गाडी ठेवायची की विकायची.

"तू विकणार?" मी सरजाबाईला विचारलं.

"म्या काय विकणार माय. पण बायांची पोती दारात हायेत. त्या पोत्याला भाषण न्हाई कळत, ओल कळती."

रात्री मला झोप लागणार नाही असं वाटलं होतं. लागली. वयाचा परिणाम.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

आज गल्लोगल्ली फिरून बोलले. विकू नका. एकदा विकली की दहा वर्षं कुणी बाई गाडीचं नाव काढणार नाही. बौद्धवाड्यात बोलले, लिंगायत गल्लीत बोलले, पाण्याच्या टाकीखाली बोलले. शेवटच्या ओट्यावर "बायांनो" म्हणायला तोंड उघडलं आणि आतून काहीच आलं नाही. फुसकन हवा. टायर बसावा तसा घसा बसला.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून पाहिलं. रविवारपर्यंत एक शब्द नाही म्हणाल्या. कुजबुजसुद्धा नाही, कुजबुजण्याने जास्त बिघडतं. हे शेजारी उभे होते. इतका आनंद एखाद्याच्या चेहऱ्यावर लपत नाही. "डाक्टरीणबाई," म्हणाले, "महिनाभराची गोळी हाय का?"

१९ ऑक्टोबर, शनिवार

आजचं सविस्तर लिहायला हवं.

गाडी भरलेली होती, तो माल लातूरला द्यायचा शब्द दिलेला. ही शेवटची खेप ठरू शकते म्हणून मी सोबत गेले. संगमेश्वर हळू चालवत होता, आजारी म्हातारीला दवाखान्यात नेतात तसा.

मी बोलू शकत नव्हते. जांब गेलं, अहमदपूर गेलं. आधी त्याला वाटलं मी रागावले आहे. मी गळ्याकडे बोट दाखवलं, हात हलवला. त्याला कळलं. आणि मग, चाकूरच्या अलीकडे, तो माणूस बोलायला लागला. घसासुद्धा खाकरला नाही.

त्याने त्याच्या बायकोचं सांगितलं. अंबिका म्हणते, बायकांच्या गाडीवर ड्रायव्हर हाय म्हणून भाऊबंद हसतात, तर त्यांना म्हणावं पगार वेळेवर देतात का तुमचे मालक? त्याने जुन्या ड्रायव्हरचं सांगितलं, तेलंगणात गाडी घेऊन जायचा, वाटेत काही बिघडलं तर जे हाताला येईल त्याने बांधून घरी आणायचा. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. एवढे दिवस हा माणूस माझ्या शेजारी बसून गाडी चालवतो आहे.

लातूरला वजनकाट्याच्या रांगेत उभे राहिलो. रांग लांबलचक. गाडी बंद करता येत नव्हती, आमचा सेल्फ कधी दगा देईल सांगता येत नाही. इंजिन तापत होतं म्हणून संगमेश्वरने झाकण थोडं उचलून ठेवलं. टिक. टिक. टिक.

"ताई," तो समोर बघत म्हणाला, "तुम्हाला राग आला तरी आज बोलता येत न्हाई, म्हणून बोलून घेतो. गाडी कवापून बोलाया लागली, ते एकदा ऐका. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी म्या ती धुवायला वड्यावर नेली, तवा गप व्हती. तुम्ही दोरा कापला. सांजच्याला लावायला काढली तर बोलाया लागली. म्या देवीचं म्हणून न्हाई सांगत. म्या फकस्त दिवस सांगून राहिलो."

माझ्या तोंडात तयार उत्तर होतं. एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं नसतं. सुंदर वाक्य आहे, माझं आवडतं. पण घशातून हवाच आली. उत्तर आत राहिलं, आणि आत राहिल्यावर ते जरा वेगळं दिसायला लागलं. एकामुळे दुसरं घडलं असं नसतंही. पण असतंही. ते ठरवायला काय करावं लागतं? जागेवर जाऊन बघावं लागतं. हे मी शेकडो सभांतून सांगितलं आहे.

मी झाकण पूर्ण उघडलं. दोरा होता ती जागा मला पाठ होती, मीच तर कापला होता. दोन पोलादी नळ्या, शेजारी शेजारी, आता मोकळ्या. त्या थरथरत होत्या. आणि जिथे एकमेकींना लागत होत्या तिथे रंग, तेल, काजळी सगळं घासून जाऊन नाण्यासारखा चकचकीत ठिपका पडला होता.

मी एका नळीवर बोट दाबलं.

आवाज बंद.

बोट उचललं. टिक. टिक. ठेवलं. बंद.

संगमेश्वर माझ्याकडे वळला. "परत करा," तो म्हणाला. केलं. "परत." केलं. मग त्याने स्वतः बोट ठेवलं. मागच्या गाडीवाला हॉर्न देत होता, रांग पुढे सरकली होती, आणि आम्ही दोघं आळीपाळीने एका नळीला बोट लावून बसलो होतो. तो मोठ्याने हसत होता. माझ्या हसण्याला आवाज नव्हता, नुसती फसफस.

मग त्याने वाकून पाहिलं. दोन नळ्यांना एकत्र धरणारी एक क्लिप असते. पुढच्या जोडीला होती, या जोडीला नव्हती. रेस दिली की नळ्यांची थरथर बदलते, म्हणून आवाज फक्त गाडी जागेवर असतानाच. आणि तेव्हा मला तो गंजका पत्र्याचा तुकडा आठवला, दोऱ्यातून निघालेला. अर्धी तुटलेली क्लिप. जुन्या माणसाने तुटक्या क्लिपवर हाताला आला तो दोरा आवळला, गाठ मारली, आणि पुढच्याला सांगितलं: काढू नको, बोलती. खरंच तर सांगितलं होतं. त्यात देवीचा उल्लेखसुद्धा नव्हता. माहूरचं नाव ऐकलं आणि पुढचं मी ऐकलंच नाही.

टॅपेट नाही, बेरिंग नाही. इंजिन उतरवायचं नाही. संगमेश्वरने रुमाल गुंडाळून नळ्या तात्पुरत्या बांधल्या, काट्यावरून सुटल्यावर नवी क्लिप घेतली. दुकानदाराने ती बोटांत धरून दिली, एवढीशी. असंच घासत राहिलं असतं तर नळी फुटून तापल्या इंजिनावर डिझेल उडालं असतं, असं तो म्हणाला. ते मी नंतर विचार करण्यासाठी ठेवलं आहे.

परतीचा पूर्ण रस्ता गाडी गप होती.

आता संध्याकाळ. यांना कागदावर लिहून सगळं सांगितलं. वाचून म्हणाले, "मंग उद्या म्हण की क्लिप तुटली व्हती. खोटं तर न्हाई."

खोटं नाही. क्लिप तुटलीच होती. पण दोऱ्याचं सांगितलं तर तुळजाबाई काय म्हणेल ते मला दिसतं आहे: बघा, देवीचा दोरा तोडला आणि गाडी कोपली. गावभर तेच होईल. तीस वर्षं मी या माणसांना सांगते आहे की दोऱ्यात काही नसतं, आणि आता मीच उभी राहून सांगू की दोऱ्यानेच गाडी धरली होती?

यांना चिठ्ठी लिहिली: अर्धं सांगणं हे माझ्या विरोधकांचं काम. खाली दोन रेघा मारल्या.

रेघा मारल्या तेव्हा खात्री नव्हती. अजून नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

गाडी राहिली.

आज उलट्या क्रमाने लिहिते. शेवटी आपलं भाषण यावं ही जुनी खोड आहे आणि ती क्लिपने बांधता येत नाही.

तर, हात वर झाले तेव्हा विकायच्या बाजूने एकही नव्हता. वाहतूकदाराचा माणूस झाडाखाली मोटारसायकलवर बसून होता. सरजाबाई त्याला म्हणाली, "बाबा, आलाच हायेस तर पोतं उचलायला हात लाव." तो गेला. संगमेश्वरने लगेच गाडी मागे घेतली आणि पोती चढायला लागली.

त्याआधी गंमत झाली. बाया एकेक करून केबिनमध्ये चढत होत्या आणि त्यांना ऐकू यावं म्हणून संगमेश्वरने क्लिप काढून ठेवली होती. टिक टिक चालू. तेवढ्यात तुळजाबाईने पदराची गाठ सोडली. दोरा तिने धुऊन, वाळवून ठेवला होता. काळ्यातून तांबडा रंग परत दिसत होता. आत तो गंजका तुकडाही होता. ती वर चढली, दोरा नळ्यांना गुंडाळून आवळला. आवाज बंद. खाली सगळ्या बायांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजे दोऱ्यानंच धरली व्हती," तुळजाबाई म्हणाली.

मी मान हलवली. हो.

"मंग देवीनंच."

मी वर चढले. दोरा सोडून दोन्ही हातांनी तिच्या हातात परत दिला. फेकला नाही. मग पिशवीतून घरून आणलेली वस्तू काढली, माझ्या जुन्या परकराची नाडी. तीच नळ्यांना आवळली. आवाज बंद.

मग खालून सरजाबाई म्हणाली, "अगं बाई! आता काय नाडीला नारळ फोडावा का?"

जे हसणं झालं ते मी माझ्या कुठल्याही सभेत ऐकलेलं नाही. तुळजाबाईसुद्धा हसली, तोंडाला पदर लावून. मग मला म्हणाली, "ताई, तुमची नाडी बी चालती, माझा दोरा बी चालतो. पण तुम्ही त्यो न बघता कापला, ते चालत न्हाई." आवाज असता तर बहुधा उत्तर दिलं असतं, बरं झालं नव्हता. शेवटी संगमेश्वरने क्लिप बसवली, स्क्रू आवळला, आणि तुळजाबाईने दोरा आरशाला बांधला. मी अडवलं नाही. आरशाला तो कशाचं काही धरत नाही, पण मी आधी खुणेने विचारलं, का बांधतेस? ती म्हणाली, "संगमेश्वर वाटेनं एकटा असतो म्हणून." आरशाला राहू दे.

आणि या सगळ्याच्या आधी माझं भाषण झालं. डॉक्टरीणबाईंनी चार वाक्यं हळू आवाजात बोलायची परवानगी दिली होती, कर्णा नको म्हणून बजावून. मला ऐकायला बायांना जवळ सरकावं लागलं, लेकरांना गप करावं लागलं. शेजारी गाडी जागेवर चालू होती. मी तोंड उघडलं तेव्हा त्या सगळ्या शांततेत दोनच आवाज होते, तिचा आणि माझा, दोन्ही सारखेच बारीक. चारपेक्षा जास्त वाक्यं झाली. ती अशी:

"बायांनो, तुमची पोती दारात आहेत आणि गाडी टिकटिक करते, म्हणून तुम्ही विकायला निघालात. ती टिकटिक मी लावली. इंजिनात एक दोरा होता, तो का बांधला हे न विचारता मी कापला. संगमेश्वर सांगत होता, मी त्याला बोलू दिलं नाही. टॅपेट म्हणणाऱ्याचं मानू नका, बेरिंग म्हणणाऱ्याचं मानू नका. देवी कोपली म्हणणाऱ्याचं मानू नका, आणि विशाखा म्हणते म्हणूनही मानू नका. झाकण उघडं आहे. हात वर करायच्या आधी एकेकीने गाडीत चढा, त्या नळीवर स्वतःचं बोट ठेवा."